सदरच्या कपापर्यंतची वाट

मंडळी, सकाळी साडेसहाच्या सुमारास सदरमधल्या रेसिडेन्सी रोडने चालत गेलात, तर दुकानांची शटर अजून खाली असतात. जागी असते ती टपरी. स्टोव्हवर गंज चढलेला असतो, आले ठेचल्याचा आवाज येत असतो आणि रात्रपाळीहून परतणारे दोघे-चौघे हात चोळत उभे असतात. टपरीवाला डब्यात हात घालतो आणि मूठभर काळी, दाणेदार पत्ती उकळत्या दुधात टाकतो. मोजत नाही, बघतसुद्धा नाही. त्या मुठीचा अंदाज त्याच्या हाताला झालेला असतो.

याच सदर परिसरातल्या एका टपरीने नागपूरचे नाव जगभर नेले. डॉली चायवाल्याची चित्रफीत २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांच्यासोबत झळकली आणि त्याचे केस, त्याचा चष्मा, दूध उंचावरून ओतायची त्याची लकब यांवर सगळीकडे चर्चा झाली. पत्तीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. पत्ती काय, दुकानात मिळते! मला आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे. आणि तिच्यापेक्षाही, ती ज्या वाटेने आली त्या वाटेबद्दल.

नागपूरच्या आसपास चहाचे झुडूप उगवत नाही. संत्री आमची, कापूस आमचा. पण चहा आसामातून, उत्तर बंगालमधून किंवा थेट निलगिरीवरून यायचा. हजार-दीड हजार किलोमीटर लांबून येणारी वस्तू आपण रोज दोनदा पितो आणि ती घरचीच मानतो. व्यवस्थापनशास्त्राची मंडळी या वाटेला पुरवठा साखळी म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे. माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, वाटेत किती दिवस पडून राहिला, प्रत्येक हाताने किती पैसे ठेवून घेतले आणि शेवटच्या माणसाला काय मिळाले, एवढाच तिचा अर्थ. चहाच्या धंद्याचे बरेवाईट जितके मळ्यात ठरले तितकेच, किंबहुना जास्त, या वाटेवर ठरले असे माझे मत आहे.

आधी चहाचा स्वभाव सांगितला पाहिजे. गहू कोठारात वर्षभर राहतो. चहाचे तसे नाही. खुडलेले हिरवे पान त्याच दिवशी कारखान्यात पोचावे लागते. वाटेत दबले, तापले, तर ते खराब होते. म्हणून चहाचा कारखाना मळ्यातच असतो. तयार झालेली पत्ती कोरडी ठणठणीत असते, पण हीच तिची मोठी खोड. हवेतली ओल ती शोषते आणि शेजाऱ्याचा वासही शोषते. आमच्या लहानपणी घरी एकदा किराण्यातून आलेल्या पुडीतल्या चहाला चक्क कपडे धुण्याच्या साबणाचा वास होता. आईने तो चहा दोन दिवस उन्हात ठेवला, वेलदोडा घातला, काही उपयोग झाला नाही. दुकानदार म्हणाला, माल वरूनच असा आला. खरे तर ‘वरून’ काही झाले नव्हते. त्याच्याच फळीवर चहाशेजारी साबणाच्या वड्या रचलेल्या होत्या. आसामातल्या मळ्याने केलेली सगळी मेहनत शेवटच्या चार फुटांत वाया गेली होती.

आता नागपूरकडे येऊ. १८६१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी इंग्रजांनी मध्य प्रांत स्थापन केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. सीताबर्डीचा किल्ला, रेसिडेन्सी, सिव्हिल लाइन्स आणि त्यांना लागून सदर बाजार असे नवे नागपूर आकाराला आले. सदर बाजार म्हणजे साहेबांच्या आणि पलटणींच्या गरजा भागवणारा बाजार. हे नाव देशात जिथे जिथे छावणी होती तिथे तिथे सापडते. त्याच वर्षी, २७ डिसेंबरला, कलकत्त्यात भारतीय चहाचा पहिला जाहीर लिलाव झाला. तोवर चहाचा खरा बाजार लंडन होता. मळा आसामात, पण भाव ठरायचा टेम्सच्या काठी.

आपल्या देशातल्या बाजाराचा पाया त्या लिलावाने घातला खरा, पण त्या चहाने नागपूरला यायचे कसे? मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती आली कापसासाठी. मुंबई बंदरात त्या काळी चीनचा चहा उतरत असे, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या डब्यातून चीनचा चहा नागपूरला येणे सोपे होते. आसामचा चहा त्या मानाने जवळ पिकायचा, पण वाटेने दूर होता. १८७० मध्ये कलकत्ता आणि मुंबई यांच्यातली रेल्वे अलाहाबाद-जबलपूरमार्गे जोडली गेली. म्हणजे कलकत्त्याहून नागपूरला रेल्वेने माल पाठवायचा तर तो आधी गंगेकाठाने अलाहाबादला, तिथून जबलपूर, मग खाली भुसावळ आणि भुसावळहून पुन्हा पूर्वेकडे उलटा, अकोला-वर्धा करत नागपूर. सारे मिळून दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. नकाशावर बोट ठेवून पाहा, हसू येईल. पण त्या हसण्याचे पैसे ग्राहकाच्या खिशातून जात होते.

हा वळसा मोडला बंगाल-नागपूर रेल्वेने. दुष्काळात छत्तीसगडचा तांदूळ हलवता यावा म्हणून आधी नागपूर-राजनांदगाव ही अरुंद पट्ट्यांची मीटरगेज लाइन झाली होती. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन घेऊन रुंद केली आणि १८९१ मध्ये बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत नेऊन भिडवली. १९०० मध्ये खरगपूरवरून थेट हावड्याशी सांधा जुळला. नागपूर ते हावडा हे अंतर आज सुमारे ११३० किलोमीटर आहे. जुन्या वळशाच्या जवळजवळ निम्मे! सुताराने पट्टी लावून रेघ ओढावी तशी ही लाइन पूर्वेकडे गेली. तिच्यावरून मँगनीज गेले, कोळसा आला. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नोंद आहे. चहाच्या पेट्यांची कोणी मोठीशी नोंद केली नाही.

वाट झाली म्हणून माल खपतो असे नाही. पिणारे कुठे होते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे चहा हे साहेबाचे आणि साहेबी नोकरांचे पेय होते. पिकत होता त्यातला बहुतेक परदेशी जात होता. १९०३ मध्ये सरकारने मळेवाल्यांच्याच मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसवणारा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. प्रचाराची जागा हुशारीने निवडली होती: रेल्वे स्टेशन. फेरीवाल्यांना किटल्या, कप आणि चहाच्या पुड्या दिल्या. पुढे स्टेशनांवर चहा कसा करावा हे चित्रांनी दाखवणाऱ्या इनॅमलच्या पाट्या लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांतून, खाणींतून कामगारांसाठी चहाचे ठेले उभे राहिले. गाडी जशी पत्ती पोचवत होती तशी तलफही पोचवत होती.

इथे एक गंमत झाली. प्रचारकांनी पाटीवर सांगितले होते की, पाणी उकळा, पत्ती घाला, झाका, मग वरून थोडे दूध. फेरीवाल्यांनी हिशेब केला. पत्ती महाग, म्हणून ती कमी केली. दूध-साखर वाढवली, आले-वेलदोड्याने चव भरून काढली आणि सगळे एकत्र उकळून टाकले. प्रचारकांना हे मुळीच आवडले नाही, कारण पत्ती कमी खपते. पण साखळीच्या शेवटच्या कडीने वरून आलेला हुकूम मोडला तो कायमचाच. आज सदरच्या गंजात जे उकळते आहे ते त्या बंडाचे फळ. मला विचाराल तर फेरीवाल्यांचे बरोबर होते.

घराघरांतला विरोध मात्र सोपा नव्हता. चहाने भूक मरते, पित्त वाढते, पैसा परक्यांच्या खिशात जातो, असे म्हणणारी जुनी माणसे आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला महात्मा गांधी १९३६ पासून राहू लागले. पुढे आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात चहातल्या टॅनिनचा अपाय सांगितला आहे. पण तोवर मळेवाल्यांची गरज आणखी वाढली होती. मंदीत भाव कोसळले, म्हणून १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच इंडीज यांच्यात निर्यात आवरती घेण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. बाहेर कमी पाठवायचे तर उरलेला चहा खपवायचा कुठे? देशातच. नागपूरच्या माणसाला चहाची सवय लावणे ही लंडनच्या बाजाराची निकड झाली होती.

ती सवय लावण्यात ब्रुक बाँडसारख्या कंपन्यांचे डोके चालले ते पत्तीपेक्षा पोचवण्यात. लिलावात घेतलेला चहा मिसळायचा, छोट्या पुड्यांत बांधायचा आणि घाऊक व्यापाऱ्यावर न सोडता आपल्याच डेपोतून, आपल्याच पगारी विक्रेत्याकरवी किराणा दुकानापर्यंत न्यायचा. त्याने फिरतीवर जावे, फळीवरचा जुना माल बघावा, रोखीने नवा द्यावा. चहा ताजा राहिला, पैसा अडकला नाही आणि दुकानदाराला एका दमडीची पुडीसुद्धा विकता आली. आजच्या मोठ्या कंपन्या संगणकावर जे करतात ते या लोकांनी सायकल आणि वहीवर केले होते.

याच सुमारास, १९३० च्या आगेमागे, आसामच्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवणारे यंत्र बनवले. त्या यंत्राचा चहा म्हणजे सीटीसी. आपल्या घाऊक बाजारात त्याच्या दाणेदार मालाला ममरी म्हणतात. लांब पानाच्या चहाचा सुगंध त्यात नाही, पण दुधात तो काळाभोर उतरतो आणि थोड्या पत्तीत जास्त कप होतात. शिवाय दाणा गोल, त्यामुळे पेटीत दाबून बसतो. त्याच जागेत जास्त वजन मावते. टपरीला हवा होता तोच हा चहा. आज देशात तयार होणाऱ्या चहात दहातले नऊ हिस्से सीटीसी आहे.

मग १९४७ आले. फाळणीत पंजाब-बंगालच्या माणसांचे काय झाले ते आपण जाणतो; पण वाटाही फाटल्या हे फारसे बोलले जात नाही. आसामहून कलकत्त्याला येणारी रेल्वे पूर्व बंगालातून यायची, तो आता पाकिस्तान झाला. ब्रह्मपुत्रेतून चहाच्या पेट्या घेऊन निघणाऱ्या आगबोटीही त्याच मुलखातून येत. एका रात्रीत आसाम देशाच्या कोपऱ्यात अडकला. मग उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्टीतून, नद्या-ओढे ओलांडत नवी मीटरगेज लाइन घाईने टाकली आणि ती जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली. तरी ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता. आमिनगाव ते पांडू असा प्रवास बोटीनेच. सराईघाटचा पूल झाला तो १९६२ मध्ये. गंगाही तशीच आडवी होती. फरक्क्याला रेल्वे तिच्यावरून जाऊ लागली ती १९७१ मध्ये. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने नदीवाट बंद केली तेव्हा सगळा भार त्या बारीक लाइनवर आला. गुवाहाटीला रुंद पट्ट्यांची लाइन पोचायला १९८४ उजाडले. तोपर्यंत मीटरगेजच्या डब्यातला माल वाटेत कुठेतरी उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागे. प्रत्येक उतरणीला हमालाचा आकडा, पावसाची झड आणि एक-दोन पेट्या फुटणे आलेच.

त्या पेट्या कोणाला आठवतात? प्लायवूडच्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या मारलेल्या, आत चकाकता कागद. बाहेर शाईने मळ्याचे नाव, मालाचा नंबर आणि प्रत. चहा विकून झाला की रिकामी पेटी वेगळी विकली जायची. आमच्या चाळीत घर बदलताना भांडी त्यातून गेली, पुस्तके त्यातून गेली. एका घरी तर उलटी ठेवलेली पेटी म्हणजे मुलांच्या अभ्यासाचे टेबल होते. आसामच्या एखाद्या मळ्याचे नाव नागपूरच्या पोराला पाढ्यांसोबत पाठ व्हायचे. त्या पेटीलाही तिची साखळी होती, ईशान्येकडच्या जंगलाची. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात झाडतोडीवर आणि ईशान्येतल्या प्लायवूड गिरण्यांवर निर्बंध आणले. कागदी पोती आणि गोण्या बाजारात येत होत्याच. पेटीचे दिवस भरले. जंगलाचे भलेच झाले, यात शंका नाही. अभ्यासाच्या टेबलाचे मात्र वाईट वाटते.

आता लिलावाकडे परत येऊ, कारण पैशाचा खेळ तिथे आहे. कलकत्त्यातल्या निलहाट हाउस या इमारतीत चहाचे लिलाव चालत. नावात नीळ आहे, कारण ही दलाल पेढी आधी निळीचा लिलाव करायची. मळ्याचा माल गोदामात उतरे, दलाल त्याचा नमुना काढे, परीक्षक तो सुर्रकन ओढून, तोंडात घोळवून थुंकून टाकत आणि भाव सुचवत. मग यादी छापली जाई, ती ग्राहकांना पोचे, लिलाव होई, पैसे भरले जात, माल उचलला जाई. पान खुडल्यापासून पत्ती नागपूरच्या दुकानात यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागत. उत्तर भारतातले मळे थंडीत बंदच असतात, म्हणून जानेवारीत आपण पितो तो पावसाळ्यानंतरचा चहा असतो. कोणीतरी तो साठवून धरलेला असतो आणि साठवणाऱ्याच्या पैशाचे व्याज आपण भरत असतो. लिलावाची केंद्रे वाढली: कोचीन १९४७, कुन्नूर १९६३, गुवाहाटी १९७०, सिलिगुडी १९७६. मळ्यापासून हातोड्यापर्यंतचे अंतर कमी झाले. उलट लंडनचा तीनशे वर्षांचा चहा-लिलाव २९ जून १९९८ रोजी कायमचा बंद झाला.

१९८३ च्या शेवटी देशात चहा इतका महागला की सरकारने डिसेंबरात सीटीसीच्या निर्यातीवर बंदी घातली. तीस वर्षांपूर्वी जो देश पिकेल त्यातला मोठा भाग बाहेर पाठवत होता, त्याला आता घरच्या कपासाठी बंदर बंद करावे लागले. फेरीवाल्याच्या किटलीने मळेवाल्याची निर्यात खाल्ली, असे म्हटले तरी चालेल. पाठोपाठ १९८४ मध्ये हुकूम निघाला: कारखान्यांनी पंच्याहत्तर टक्के चहा लिलावातूनच विकला पाहिजे. हेतू चांगला होता, भाव उघड्यावर ठरावा. पण लिलावाची रांग लांबली की ताजेपणा जातो, ही अडचण राहिलीच.

नेमकी तीच अडचण धरून १९८५ मध्ये टाटा टीने मळ्यातच पॅकिंग केलेला चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला. तोवर मोठ्या कंपन्यांचा चहा कागदी खोक्यात असे. पिशवी स्वस्त, हवा आत जाऊ न देणारी, आणि मधला कित्येक आठवड्यांचा फेरा वाचलेला. जाहिरातीत ताजेपणा होता, पण तो ताजेपणा झाडाचा कमी आणि वाटेचा जास्त होता. मैदानात मग मुंबईची सोसायटी, अहमदाबादची वाघ बकरी, आपल्या महाराष्ट्रातली सपट अशा पेढ्याही होत्याच. त्यांची ताकद वेगळी. आपल्या भागाच्या पाण्याला आणि दुधाला कोणता चहा उतरतो हे त्यांना जिभेवर ठाऊक होते, आणि त्यांचे खरेदीदार गुवाहाटी-कलकत्त्याला जाऊन तसाच माल उचलत.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली तर वाटेल, वाट सुधारत गेली आणि सगळ्यांचे भले झाले. तसे झाले नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला तेव्हा आपला मोठा ठोक गिऱ्हाईक गेला. १९९८ मध्ये लिलावात किलोला सरासरी ७६ रुपयांच्या आसपास मिळत होते. २००३ पर्यंत तो भाव ५६ च्या घरात आला. डुआर्समधले मळे एकामागून एक बंद पडले. मालक निघून गेले आणि कामगार रेशन, औषध आणि पाणी यांच्याविना मागे राहिले. उपासमारीने माणसे मेली. केरळातल्या पीरमेडलाही तीच अवस्था. त्या पाच वर्षांत सदरच्या टपरीवर चहा स्वस्त झाला का? आठवून पाहा. पाकिटाचा भाव उतरला का? मला तरी आठवत नाही. वरच्या टोकाला पडलेला भाव मधल्या कोणत्या तरी कड्यांनी पिऊन टाकला.

मंडळी, साखळी चांगली चालली म्हणजे काय, हा प्रश्न इथे उभा राहतो. पॅकबंद चहाच्या कंपनीचा ताळेबंद त्या वर्षांत बघितला तर ती उत्तम चालली. मळ्याच्या वस्तीवरून बघितले तर ती तुटली होती. मधे पॅकिंग, जाहिरात, वाहतूक, साठवण यांचा खरा खर्च असतो हे कबूल; मी तो नाकारत नाही. पण जो वाटेच्या नाक्यावर बसला त्याने भाव ठरवला आणि जो वाटेच्या सुरुवातीला होता त्याच्या हाती नाक्याची खबरही नव्हती. सक्तीच्या लिलावाचा नियम २००१ मध्ये उठला, २००८ नंतर हातोड्याच्या जागी संगणकावरचा लिलाव आला, भाव सगळ्यांना दिसू लागला. आता देशातला निम्म्याहून अधिक चहा एक-दोन एकरांच्या छोट्या बागाईतदारांच्या पानापासून होतो. त्यांना स्वतःचा कारखाना नाही. पान खुडले की संध्याकाळच्या आत विकलेच पाहिजे, आणि कारखानदाराला हे ठाऊक असते. घासाघीस करायला ज्याच्याजवळ फक्त काही तास आहेत, त्याला कसला भाव मिळणार!

नागपूरच्या टोकालाही वाटेचे राजकारण होते, पण आपल्याकडे त्याचे नाव कर होते. प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, शहराच्या वेशीवर जकात. म्हणून कंपन्या जिथे गरज आहे तिथे नव्हे, तर जिथे कर वाचतो तिथे गोदाम घ्यायच्या. एकाच चहाची राज्याराज्यांत गोदामे. जकात नाक्यावर ट्रकांची रांग आणि ताडपत्रीखाली तापलेली पोती हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नागपुरात जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागचा एलबीटी २०१५ मध्ये गेला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. मग गोदाम कुठे ठेवायचे याचे उत्तर पुन्हा नकाशाने द्यायला सुरुवात केली, आणि देशाच्या नकाशावर मधोमध कोण बसले आहे ते सांगायला झिरो माइलचा दगड आहेच. कोलकात्याकडून येणारा आणि दक्षिणेकडून येणारा असे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. १८९१ ची रेघ आता डांबराचीही झाली.

देशात आज वर्षाला १३९ कोटी किलोंच्या आसपास चहा होतो; २०२३ चा आकडा तेवढाच होता. त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक आपणच पितो. त्या महापुरातला एक ओघळ सदरमध्ये उतरतो.

परवा एका टपरीवर बराच वेळ बसलो होतो. अकराच्या सुमारास मोपेडवर एक पोरगा आला, मागे बांधलेल्या गोणीतून त्याने पाच किलोची पिशवी काढली. टपरीवाल्याने ती लगेच ठेवून घेतली नाही. कोपरा फाडला, चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली, फुंकर मारली आणि नाकाशी नेली.

“हा मागचा माल नाही गा,” तो म्हणाला.

“भाऊ, तोच आहे. मागून तसाच आला.”

“मागून म्हणजे कुठून?”

पोरग्याला ठाऊक नव्हते. इतवारीतून आणतो, एवढे तो म्हणाला. टपरीवाल्याने उकळत्या दुधात त्यातलीच मूठ टाकली, रंग चढायची वाट पाहिली, अर्धा कप गाळून स्वतः प्यायला. मग वही काढून उधारीचा आकडा लिहिला आणि पिशवी ठेवून घेतली. पण पुढच्या गंजात त्याने मूठ जरा मोठी घेतली.